बाळंतपणानंतरचे सहा आठवडे : आई आणि बाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करताना बाळंतिणीच्या घरून जे फोन येतात, त्यांतले बरेचसे प्रश्न तेच ते असतात. विचारणारं माणूस फक्त बदलतं : कधी आजी, कधी नवरा, कधी आशाताई. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक चौकशी बाळाचीच होते. आईबद्दलची गोष्ट निघते ती दवाखान्यातून बाहेर पडता पडता, "आणि हो डॉक्टर, हिचं जरा डोकं दुखतंय" अशी. आणि कधीकधी त्या दिवसातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच असते. वेळ कमी असेल तर बाळासाठी प्रश्न ८ आणि आईसाठी प्रश्न १२ आधी वाचा.

१. डिलिव्हरी शहरातल्या मॅटर्निटी होममध्ये झाली. घरी आल्यावर फॅमिली डॉक्टरकडे कधी यायचं?

पहिल्या आठवड्यात एकदा आणि सहाव्या आठवड्यात एकदा, दोन्ही वेळा आई आणि बाळ दोघांनाही घेऊन. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही अशी घरात रीत असेल तर आम्हाला घरी बोलवा, पण तपासणी चुकवू नका. येताना डिस्चार्ज कार्ड हवंच. आईचा रक्तगट, निघतानाचं बीपी, हिमोग्लोबिन, रक्त चढवलं होतं का, बाळाचं जन्मवजन आणि दिलेल्या लसी हे सगळं त्यावर असतं. बाळंतीण माहेरी जाते आणि कार्ड सासरच्या कपाटात राहतं, हे फार वेळा होतं. निघण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

२. आशाताई सारख्या घरी येतात. डॉक्टर बघतातच, मग त्यांची काय गरज?

गरज आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या वजन करतात, ताप बघतात, श्वास मोजतात, दूध कसं ओढतंय ते पाहतात. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि २०११ पासून सरकारनं ते काम देशभर आशांकडे दिलं. आशाताईंनी "दवाखान्यात न्या" म्हटलं की संध्याकाळची वाट पाहू नका.

३. दूध पुरतंय हे कळणार कसं? बाळ सारखं रडतं.

रडण्यावरून कळत नाही, लंगोटावरून कळतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत यायला हवं. नंतर रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ होते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत घट्ट, पिवळसर चीक येतो, तोही थोडाच. तेवढाच पुरतो. "अजून दूध उतरलं नाही" म्हणून याच दिवसांत वरचं दूध सुरू होतं आणि पुढची सगळी गडबड तिथूनच होते, कारण बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. दिवसातून ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीसुद्धा. नुसतं बोंड तोंडात गेलं तर आईला भेगा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. भोवतालचा काळा भागही जास्तीत जास्त तोंडात जायला हवा. सिझेरियन झालेल्या आईनं कुशीवर पडून पाजलं तरी चालतं. 'पडून पाजलं की कान फुटतो' ही भीती सोडा.

डब्यातलं पावडरचं दूध काही बाळांना खरोखर लागतं, पण ते डॉक्टरांनी बाळ तपासून सांगितलं तरच. १९९२ च्या कायद्यानं या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायलाही. शेजारणीनं केलेल्या जाहिरातीला मात्र तो कायदा लागू होत नाही!

४. मध, गुटी, उन्हाळ्यात चमचाभर पाणी? आम्हालाही आईनं दिलंच होतं.

सहा महिने फक्त आईचं दूध. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातसुद्धा पाणी नाही. दुधात पाणी असतंच, फक्त जास्त वेळा पाजा. मध तर वर्षभर नको, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम नावाचा पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. गुटीबद्दल आजीशी भांडण होतं म्हणून सांगतो : सहाण, पाणी, बोट या सगळ्यांतून जंतू जातात, आणि जायफळाचे वेढे जास्त झाले की बाळ गुंगीत जातं. घरच्यांना वाटतं, छान झोपलं. ग्राइप वॉटरचीही गरज नाही. द्यायचं आहे ते 'ड' जीवनसत्त्व, रोज ४०० युनिट, पहिल्या वर्षभर. बाटलीगणिक ताकद वेगळी असते, म्हणून किती थेंब ते आम्हाला बाटली दाखवून ठरवा.

५. न्हाऊ घालायला बाई येतात. मालिश, टाळू भरणं, नाळेला हळद, काजळ... यातलं काय चालतं?

मालिश चालते, आणि अंगणात कोवळ्या उन्हात हलक्या हातानं केलेली तर छानच. नाकाचं हाड 'उचलणं', डोकं 'गोल करणं', बाळाला पायांनी उलटं धरणं हे नको. पहिली अंघोळ जन्मानंतर किमान चोवीस तासांनी. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तरी भागतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला वजन वाढेपर्यंत पाण्यात बसवूच नका.

नाळेला काहीही लावायचं नाही. हळद, राख, तेल, पावडर, काही नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधा. पाच ते पंधरा दिवसांत ती वाळून पडते. बुडाशी लाली, पू किंवा वास आला तर त्याच दिवशी दाखवा. टाळूवर तेलाचं बोट फिरवा, पण तेल थापल्यानं टाळू 'भरत' नाही. पुढची टाळू आपोआप दीड वर्षाच्या आसपास भरते. कानात आणि नाकात तेल अजिबात नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काजळ डोळ्यांत नको. दृष्टीची फारच काळजी असेल तर तळपायाला तीट लावा.

आता एका गोष्टीवर आम्ही चढ्या आवाजात बोलतो. मुलगा असो वा मुलगी, काही बाळांची छाती पहिल्या आठवड्यात फुगते आणि दुधासारखा थेंबही येतो. आईच्या हार्मोन्समुळे हे होतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. ते 'दूध' पिळून काढायची पद्धत अजून आहे. पिळल्यानं तिथे गळू होतं, कापावं लागतं, आणि मुलगी असेल तर पुढे स्तनाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मुलीच्या लंगोटावर त्याच हार्मोन्समुळे पहिल्या आठवड्यात रक्ताचा थेंब दिसू शकतो. तोही घाबरण्यासारखा नाही.

६. शेक-शेगडी आणि धुरी द्यायची का?

बाळंतिणीला गरम पाण्यानं अंग शेकून बरं वाटत असेल तर जरूर. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका : भाजतं, आणि कोळशाच्या विषारी वायूला वास नसल्यामुळे गुदमरतंय हे कळतही नाही. ओवा, बाळंतशोपा, वावडिंगाची धुरी घरभर फिरवायची असेल तर आई-बाळ दुसऱ्या खोलीत असू द्या. बाळाच्या फुप्फुसाला धूर तो धूर, मग तो विडीचा असो की ओव्याचा.

७. शी दिवसातून दहा वेळा होते. जुलाब आहेत का?

आईच्या दुधावरच्या बाळाला पिवळी, पातळ, दाणेदार शी प्रत्येक पाजण्याला झाली तरी ते जुलाब नव्हेत. उलट दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस शी झाली नाही, पण पोट मऊ आहे आणि बाळ खेळतंय, तर तेही ठीक. शीत रक्त, हिरवी उलटी किंवा जन्मल्यापासून चोवीस तासांत शी न होणं यासाठी थांबू नका.

८. बाळाला रात्री-अपरात्री लगेच कधी न्यायचं?

दोन महिन्यांच्या आतल्या बाळात यातलं एकही दिसलं तर घरचा उपाय नाही, सकाळची वाट नाही : दूध ओढणं बंद किंवा एकदम कमी, ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, अंग गार (३५.५ पेक्षा कमी), शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, झटके, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, तळहात-तळपाय पिवळे. यात गार पडणं लोकांना खरं वाटत नाही. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग होतो तेव्हा ताप येईलच असं नसतं, ते गार आणि सुस्तही पडतं.

१०८ ला फोन करा. वाटेत बाळ आईच्या किंवा वडिलांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

९. बाळ पिवळं दिसतंय. कोवळं ऊन दिलं तर जाईल ना?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी वाढणारी आणि दोन आठवड्यांत जाणारी कावीळ पुष्कळ बाळांना होते. पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं तर ती तातडी आहे. आई आरएच निगेटिव्ह किंवा 'ओ' गटाची असेल तर लक्ष जास्त ठेवायचं. रंग दिवसाच्या उजेडात, कपाळाची कातडी दाबून पाहा. ट्यूबलाइटखाली फसायला होतं. खिडकीतलं ऊन हा निळ्या दिव्याखालच्या उपचाराला पर्याय नाही.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला तर लंगोट बघा. शी पांढरट, खडूसारखी आणि शूचा डाग गडद पिवळा असेल तर पित्तनलिका बंद असू शकतात. त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तरच नीट फायदा होतो. "दुधाची कावीळ आहे, जाईल" असं ऐकून महिना घालवू नका.

१०. बाळंतिणीनं काय खायचं? सासूबाई पाणीसुद्धा मोजून देतात.

पाणी तहानेइतकं, आणि पाजणाऱ्या बाईला तहान लागतेच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शेपू, बाजरीची भाकरी, तूप, सगळं खा. आमची तक्रार लाडवांवर नाही, नुसत्या लाडवांवर आहे. रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, त्या डाळ, उसळ, अंडी, मासे, दूध, फळं यांतूनही यायला हव्यात. आईनं आंबट खाल्लं की बाळाला खोकला, भात खाल्ला की सर्दी, असं काही होत नाही. आदिवासी भागात अंगणवाडीतून पाजणाऱ्या आईला अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवण मिळतं. त्यावर तुमचा हक्क आहे.

गोळ्या बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. लोहाची रोज एक, १८० दिवस; कॅल्शियमच्या रोज दोन, सहा महिने. दोन्ही एका वेळी घेऊ नका, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

११. अंगावरून किती दिवस जातं?

चार ते सहा आठवडे, लालवरून तपकिरी आणि मग पांढरट होत जातं. पाजताना थोडं वाढतं. कमी झालेलं पुन्हा लालभडक होऊन तासाला एक पॅड भिजायला लागला, मोठ्या गाठी पडल्या किंवा घाण वास आला, तर तो रक्तस्राव आहे. आडवं करून लगेच न्यायचं. "अशुद्ध रक्त आहे, जाऊ दे" या वाक्यापायी बायका पांढऱ्याफटक होऊन येतात.

१२. आईच्या कोणत्या तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये?

डोकेदुखी, पहिल्या क्रमांकावर. गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल असलेल्या बाईचंही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत वाढू शकतं आणि थेट झटक्यांपर्यंत जाऊ शकतं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखतंय, तोंडावर सूज : डोकेदुखीची गोळी देण्याआधी बीपी मोजा. १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० ला पोचलं तर त्याच तासाला रुग्णालय. पाठीत इंजेक्शन देऊन सिझेरियन झालं असेल तर बसल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर थांबणारी डोकेदुखी वेगळ्या कारणाची असते. पण बीपी आधी मोजायचं, कारण मग ठरवू.

याशिवाय ३८ अंशांच्या वर ताप (प्रश्न १३), एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, ओटीपोटात वाढती कळ, लघवी न होणं. पोटरीची सूज चोळून घालवू नका. आत रक्ताची गाठ असेल तर चोळल्यानं ती फुप्फुसात जाऊ शकते.

१३. छाती दगडासारखी झाली आणि थंडी वाजून ताप आला. पाजणं बंद करू का?

नाही. बंद केलं तर तुंबून आणखी बिघडतं, आणि ते दूध बाळाला बाधत नाही. त्या बाजूनं पाजा किंवा हातानं काढा, पाजून झाल्यावर थंड फडकं ठेवा, तापाला पॅरासिटामॉल घ्या. चोवीस तासांत उतार नसेल तर प्रतिजैविक लागतं, मऊ गळू जाणवलं तर पू काढावा लागतो. पण ताप छातीचाच आहे असं धरून चालू नका. टाके, लघवी आणि गर्भाशय तपासूनच ठरतं.

१४. पाठीत इंजेक्शन दिल्यामुळे जन्माची कंबर धरते का?

सुई टोचलेली जागा काही दिवस दुखते, जन्मभर नाही. कंबर धरते ती वाकून पाजल्यामुळे, अशक्तपणामुळे आणि सैल पडलेल्या पोटाच्या स्नायूंमुळे. पोट घट्ट बांधल्यानं स्नायूंना ताकद येत नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर तर नकोच.

१५. सगळं छान आहे तरी ती रडते. बाळाकडे बघतही नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणं नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदास वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं, "मी चांगली आई नाही" असं म्हणणं चालू राहिलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, पाजत असताना चालणाऱ्या गोळ्यांसकट. आम्ही दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली भरून घेतो. त्या वेळी सासूबाईंना आणि नवऱ्याला बाहेर बसवतो, रागावू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात.

झोपच नाही, भास, संशय, बाळाबद्दल विचित्र बोलणं असं असेल तर 'बाहेरचं झालंय' म्हणून कुठे नेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तोपर्यंत आई-बाळाला एकटं ठेवू नका.

१६. मला औषध चालू आहे. दूध पाजलं तर चालेल का?

बहुधा हो. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, अमॉक्सिसिलिन, थायरॉइडची गोळी, इन्सुलिन चालतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल नको, बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी दूध आटतं. केमोथेरपीसारखे मोजके अपवाद आहेत. औषध मनानं बंद करणं हेही धोक्याचंच, विशेषतः फिटचं.

१७. पाळी आलेली नाही. मग दिवस जाणार नाहीत ना?

बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी एकदाही आलेली नाही आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच भरवसा. एक सुटली की संपलं, आणि पाळी येण्याआधी बीज सुटतं. साधन वापरायचं तर तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी. 'अंतरा' इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर दर तीन महिन्यांनी. 'छाया' गोळी लगेचही चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. माला-एन ही रोजची गोळी पाजणाऱ्या आईनं सहा महिने टाळावी. पुरुष नसबंदी सगळ्यांत सोपी, आणि तिच्याबद्दल आम्हाला कोणी विचारत नाही. तिच्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्य तपासून घ्यायचं असतं.

१८. दीड महिन्याची लस माहेरी घेतली तर चालेल का?

देशात कुठेही, फक्त कार्ड न्या. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांत काविळीची लस. नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांनी. तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागत नाही, राहिली तिथून पुढे.

१९. गरोदरपणात साखर वाढली होती, आता नॉर्मल आहे. शिवाय मी आरएच निगेटिव्ह आहे. काही करायचं राहिलं का?

साखरेसाठी सहाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करा, आणि पुढे दरवर्षी, कारण अशा बायकांना पुढे मधुमेह जास्त होतो. ही तपासणी सर्वांत जास्त चुकते, कारण त्या दिवशी सगळे बाळाच्या लशीत गुंतलेले असतात. आरएचचं म्हणाल तर बाळ पॉझिटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत घ्यायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद नसेल तर आजच फोन करा. उशीर झाला असला तरी विचारा, कारण वेळ टळल्यावरही ते देता येतं. फक्त परिणाम कमी होतो.

२०. बाळ आठव्या महिन्यात झालं, काचेच्या पेटीतून घरी आलंय. वेगळं काय करायचं?

छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, दिवसातून जमेल तितके तास. बाबा, आजी कोणीही धरू शकतं. लसी जन्मतारखेप्रमाणे, 'नऊ महिने भरले असते तेव्हा' असं मोजायचं नाही. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आतलं जन्मलं असेल तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवीच, फार लहान असेल तर त्याहून आधी. डोळे बाहेरून अगदी स्वच्छ दिसतात आणि आतला पडदा सुटत असतो. बारसं पुढे ढकला, ही तपासणी नको. श्रवण चाचणीचंही विचारा. शू, वजन आणि धोक्याच्या खुणा प्रश्न ३ आणि ८ प्रमाणेच, पण अशा बाळासाठी वाट बघायची मुदत आणखी कमी धरा.

२१. बाळ राहिलं नाही. दूध येतंय, काय करू? आणि आता दवाखान्यात यायचं कशाला?

हा प्रश्न बहुधा बहीण किंवा जाऊ विचारते. दूध थांबायला एक-दोन आठवडे लागतात. छाती करकचून बांधू नका. नीट बसणारी ब्रा, थंड फडकी, पॅरासिटामॉल, आणि असह्य झालं तरच थोडं हातानं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही. दूध थांबवायची गोळी असते, पण बीपी वाढलेलं असेल तर ती चालत नाही, म्हणून तपासल्याशिवाय घेऊ नका.

यायचं, कारण रक्तस्राव, बीपी, ताप, पोटरीतली गाठ (प्रश्न ११ ते १३) यांचा धोका बाळ असलेल्या आईइतकाच आहे, आणि मनाचा (प्रश्न १५) जास्त. लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. पाजणं नसल्यामुळे चौथ्या आठवड्यातही दिवस जाऊ शकतात, तेव्हा प्रश्न १७ मधलं साधन लवकर ठरवा. पुढच्या वेळी कधी, हे बाळ का गेलं त्याचे कागद बघून बोलू. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात तान्ही बाळं असतात. फोन करून या, वेगळी वेळ देतो.